चौकडीची गाठ मखमल घराण्याशी

सांस्कृतिक खात्याच्या पत्रात ‘संगम’ हा शब्द पाच वेळा आला होता, आणि पाचही वेळा बाबांनी त्याखाली लाल रेघ ओढली होती. सहाव्यांदा तो सहीच्याही खाली, शिक्क्यात होता. तिथे त्यांच्या पेनातली शाई संपली.

मागणी तशी साधी होती. घरच्या चौकडीला यंदा पन्नास वर्षं पूर्ण होत होती आणि त्या कार्यक्रमासाठी जुनं सभागृह हवं होतं, कारण शहरात तेवढ्या एकाच छताखाली चेलोचा खालचा सूर भिंतीपर्यंत जाऊन शहाण्यासारखा परत येतो. खात्याने कळवलं, की सभागृह हल्ली नुसत्या कार्यक्रमाला मिळत नाही. एखाद्या उपेक्षित कलाप्रकाराशी संगम दाखवावा लागतो. बाबांनी उलट टपाली लिहिलं, की उपेक्षित ते आम्हीच. मागल्या कार्यक्रमाला सव्वीस माणसं होती आणि त्यांतली नऊ झोपली होती. त्यावर उत्तर आलं, की चौकडी ‘उपेक्षित’ नसून ‘दुर्लक्षित’ या वर्गात मोडते आणि त्याचा अर्ज वेगळा असतो.

सोबत तीन नावांची यादी होती. शिट्टीवादक मंडळ, सावल्यांचे खेळ करणारं एक जोडपं, आणि ‘मखमल घराणं – क्विअर बॉल’.

“शिट्टी नको,” बाबा म्हणाले.

“सावल्यांना अंधार लागतो, आणि अंधारात ताईंना स्वरलिपीचा कागद दिसत नाही,” सून म्हणाली. तिने तिसऱ्या नावापुढे खूण केली आणि बाबांची शाई भरून होईपर्यंत अर्ज देऊनही आली. बाबांना वाटलं, बॉल म्हणजे जोडीजोडीने गोल फिरण्याचा जुना सभ्य प्रकार असेल. त्यांनी विचारलं नाही आणि कुणी सांगितलं नाही. या घरातले सगळे मोठे निर्णय असेच झालेले आहेत.

चौकडी म्हणजे आता पहिलं व्हायोलिन बाबा, वय एकोणऐंशी. दुसरं व्हायोलिन थोरली लेक, जिला सगळे ताई म्हणतात, संगीतशाळेची मुख्याध्यापिका. व्हिओला धाकटा मुलगा, पोटासाठी दातांचा दवाखाना. चेलो त्याची बायको. मुलगा दात काढायला शिकला हे बाबांनी अजून माफ केलेलं नव्हतं, म्हणून ते त्याला ‘डॉक्टर’ म्हणत. ऐकणाऱ्या परक्याला वाटे, केवढा हा अभिमान.

पन्नास वर्षं चौकडीने एक नियम पाळला होता. सभागृहात कुणी खोकलं, खुर्ची करकरली, गोळीचा कागद चुरचुरला, की बाबा गज उचलत. त्यांचा गज वर गेला की उरलेले तीन वर. मग पूर्ण शांतता होईपर्यंत थांबायचं आणि पुन्हा पहिल्यापासून. एका हिवाळ्यात पहिलं पान सात वेळा वाजलं होतं, आणि दुसरं पान ऐकायला फक्त रखवालदार उरला होता. बाबा त्या माणसाची आठवण अजून काढतात. म्हणतात, श्रोता असावा तर तसा.

तीन वर्षांपूर्वी याच सभागृहात, संथ भागाच्या मध्यावर, दार उघडून नातू आत आला. घरात त्याला छोटू म्हणत. उंची सहा फूट, त्या दिवशी टाचांसकट सहा फूट पाच. अंगात रुपेरी झगा, पापण्यांवर आणखी पापण्या. पहिल्या रांगेत घरच्यांसाठी राखून ठेवलेल्या खुर्चीकडे तो टाक टाक करत निघाला. बाबांनी गज उचलला. ताईने उचलला, डॉक्टरने उचलला, आणि चेलोवर बसलेल्या छोटूच्या आईनेही उचलला. चौघं थांबले, जसे खोकल्यासाठी थांबतात. छोटू मधल्या वाटेवर उभा राहिला. मग वळला आणि तेवढंच अंतर तेवढ्याच आवाजात परत गेला. दार लागलं.

बाबा म्हणाले, “पुन्हा पहिल्यापासून.”

आणि आईने वाजवलं. पहिल्यापासून, एकही सूर न चुकता. पोर घर सोडून गेलं याचं दुःख तिला होतंच. पण तीन वर्षं तिची झोप उडवली ती त्या न चुकलेल्या सुरांनी.

छोटू आता मखमल घराण्यात आहे हे चौकडीतल्या तिघांना ठाऊक होतं. आणि तिघांनाही वाटत होतं, की फक्त आपल्यालाच ठाऊक आहे.

*

कार्यक्रम रविवारी दुपारी तीनला होता, कारण संध्याकाळ गुडघ्याच्या मलमाच्या वितरकांनी आधीच धरली होती. तालमीला मखमल घराणं सकाळी दहाला दहा कमी असतानाच आलं. बाबांना धक्का बसला तो इथे. तालमीला डॉक्टर आजवर एकदाही वेळेवर आला नव्हता.

पुढे होत्या आईसाहेब. पन्नाशीच्या, रुंद खांद्यांच्या, केसांचा घट्ट बुचडा. दिवसा त्या सरकारी दवाखान्याच्या धुलाईघरात मुकादम होत्या. घरातून हाकललेली, आणि न हाकलताही हाकलल्यासारखी झालेली अकरा मुलं त्यांनी सांभाळली होती. मागे त्यांतली सात, हातात कपड्यांच्या पिशव्या, चेहऱ्यावर दवाखान्याच्या चादरीसारखी शिस्त.

“म्हणजे तुम्ही नक्की करता काय?” बाबांनी विचारलं.

“चालतो,” आईसाहेब म्हणाल्या.

“चालता?”

“या टोकापासून त्या टोकापर्यंत. घराण्याघराण्यांत चुरस असते. कुणी नुसता चेहरा दाखवतं, कुणी तोरा, कुणी हातांची करामत. शेवटी ठोक्यावर पाठीवर पडायचं, एक पाय वर. त्याला डिप म्हणतात. पाच परीक्षक बसतात. आवडलं तर दहाची पाटी. नाही आवडलं तर हातांची फुली, बाद.”

“आणि श्रोते?”

“ओरडतात.”

“संपल्यावर?”

“संपल्यावर कशाला? संपल्यावर ओरडून काय उपयोग?”

बाबांनी पाणी मागितलं.

घराण्याची निवेदिका तोवर चौकडीच्या खुर्च्यांभोवती दोन फेऱ्या मारून आली होती. बॉलमध्ये चालणाऱ्याच्या पावलांवर शब्द फेकायचे हे तिचं काम. एरवी ती बसस्थानकावर न आलेल्या गाड्यांबद्दल दिलगिरी व्यक्त करत असे. “काका, तुमच्यात ठोका कुठे धरायचा?”

“आमच्यात ठोका नसतो. मी श्वास घेतो, त्यावर सगळे सुरू होतात.”

“अहो, पण श्वासावर पोरगं पाठीवर कसं पडणार? तुम्हाला सर्दी झाली म्हणजे?”

उत्तराची वाट न बघता ती ताईकडे वळली आणि तिचा चेहरा एकदम उजळला. “अय्या! पंखेवाल्या मावशी! तुम्ही यांच्यातल्या?”

ताई व्हायोलिनच्या पेटीत काहीतरी शोधू लागली. पेटीत शोधण्यासारखं काही नव्हतं.

“अहो, तिसऱ्या रांगेत बसतात,” निवेदिकेने बाबांना उत्साहाने पुरवलं. “लाल पंखा. कुणी डिप घेतला की असा फाडकन उघडतात, की परीक्षकसुद्धा दचकतात.”

“ताई?” बाबा म्हणाले.

“गुरुवारी असतं ते.”

“गुरुवारी तुझ्याकडे पालकसभा असते.”

“दोन वर्षं दर गुरुवारी कुठल्या शाळेत पालकसभा असते, बाबा?”

बाबांनी आधारासाठी डॉक्टरकडे पाहिलं. त्याच क्षणी मखमल घराण्यातल्या तीन मुलांनी डॉक्टरकडे बघून हसत हात हलवला. तिघांचेही दात कुठल्याही सराफाने काचेत ठेवावेत इतके उत्तम होते.

“पेशंट आहेत,” डॉक्टर पुटपुटला. “शनिवारी दुपारी येतात. मी काही मुद्दाम... दात हे दात असतात.”

चेलोवाल्या सुनेने नवऱ्याकडे बघितलं, नणंदेकडे बघितलं. तीन वर्षं एका टेबलाशी जेवून, एकमेकांना मीठ देऊन, तिघांनी आपापलं गुपित मांडीखाली दाबून ठेवलं होतं. तिला रडू आलं असतं, पण हसू आधी आलं आणि मग दोन्ही गेलं, कारण पिशव्यांच्या मागून तो पुढे आला होता.

“हा आमचा झुंबर,” आईसाहेब म्हणाल्या. “शेवटचा वर्ग याचा. तुमच्या वाजवण्यावर चालणार तो हाच.”

“झुंबर?” बाबा म्हणाले. नातवाला नव्हे, छताला उद्देशून. “हे काय माणसाचं नाव आहे?”

“छोटू तरी कुठे होतं,” ताई म्हणाली.

झुंबर साध्या काळ्या कपड्यांत होता. पायात टाचा. आजोबांवरून नजर अशी गेली, की सभागृहात खांब आहे तर आहे. तो सरळ चेलोपाशी आला.

“मॅडम, शेवटी मी पडणार ती जागा कुठली धरू?”

मॅडम. बावीस वर्षं जिला बाथरूममधून टॉवेलसाठी हाका मारल्या तिला मॅडम. तिने कागद उलटला. “चौथं पान. सगळे वर चढत जातात, आणि चेलो एकटा खाली उतरतो. पाच सूर. पाचव्याला पड.”

“पाचवा नक्की वाजेल?”

“वाजेल.”

“नाही, मागच्या वेळी तुम्हीपण थांबला होतात, म्हणून विचारलं.” आवाज अगदी गोड, दुकानात माप विचारावं तसा. “आज लोक ओरडणार आहेत. ते ओरडले की पहिलं व्हायोलिन थांबेल, आणि ते थांबलं की तुम्ही. तसं झालं तर मी तमाशा करणार नाही, मॅडम. निघून जाईन. फक्त त्यानंतर खात्याच्या यादीत कुणाची नावं शोधू नका.”

तिने मान हलवली. त्याने तिच्या गजाकडे पाहिलं. “केस जुने झालेत याचे. बदलत का नाही?” असं म्हणाला आणि आपण काय बोलून गेलो हे लक्षात येऊन घाईने निघून गेला.

*

दुपारी बारा वाजता डॉक्टरने दोन वचनं दिली.

पहिलं बायकोला, कपडे बदलायच्या खोलीत. “ते थांबले तरी तू थांबणार नाहीस,” ती म्हणाली.

“अगं, पण त्यांचा गज वर गेला की माझा हात आपोआप...”

“दवाखान्यात पेशंट ओरडला की थांबतो हात?”

“त्यांना भूल दिलेली असते.”

“तुला कुणी दिलीय?”

“हो,” डॉक्टर म्हणाला. “म्हणजे, नाही थांबणार. हो.”

दुसरं वचन दहा मिनिटांनी, जिन्यात. “डॉक्टर,” बाबा म्हणाले, “ताई फितूर झाली. सुनेचा रंग मी यादी आली तेव्हाच ओळखायला हवा होता. आता भिस्त तुझ्यावर. मी थांबलो की तू थांबशील. दोन विरुद्ध दोन झालं की संगीत पडतं. ते पडलं की पहिल्यापासून घेता येतं.”

“हो, बाबा.”

“मला त्या पोराचं वाईट करायचं नाही. पण नियम कुणासाठी सोडला, तर आजवर ज्यांच्यासाठी नाही सोडला त्यांना काय सांगू?”

“खरंय, बाबा.”

दोन्ही होकार त्याने मनापासून दिले होते. नकार यायला तोंडात जी जागा लागते ती त्याच्या जबड्यात जन्मतःच नव्हती. तसे जबडे त्याने पेशंटांतही पाहिले होते आणि त्यावर इलाज नसतो हे त्याला ठाऊक होतं.

खोलीत तोवर नणंद-भावजय समोरासमोर बसल्या होत्या.

“ताई, दोन वर्षं तुम्ही त्याला दर गुरुवारी बघत होतात. मला एका शब्दाने सांगितलं नाहीत.”

“तू सांगितलंस? तू तर त्याच्या खोलीवर डबे पोचवत होतीस. दारात ठेवून पळत होतीस. आईसाहेब म्हणाल्या मला.”

“खायचा का तो?”

“डबा धुऊन ठेवायचा.”

डबा धुतलेला असे, यातून काय काढायचं हे सुनेने तीन वर्षं ठरवून पाहिलं होतं.

“आज थांबू नका,” ती म्हणाली.

ताईने व्हायोलिनची तार उगीच पिळली, उगीच सैल केली. “तिसऱ्या रांगेत पंखा वाजवायला हिंमत लागत नाही गं. पंख्यामागे तोंड लपतं. बाबांच्या शेजारी बसून... बावन्न वर्षांची आहे मी. अजून त्यांनी श्वास घेतला की मलाच ऑक्सिजन मिळाल्यासारखं होतं.”

“म्हणजे थांबणार.”

“म्हणजे माहीत नाही,” ताई म्हणाली. या घराच्या मानाने हे फारच स्पष्ट उत्तर होतं.

*

तीन वाजता सभागृहात चारशे माणसं होती आणि एकही झोपलेलं नव्हतं. पडद्याच्या फटीतून बाबांनी ते पाहिलं आणि दोनदा मोजायला सुरुवात करून दोनदा सोडून दिलं.

आधीचे वर्ग घराण्यांच्या स्वतःच्या ध्वनिमुद्रित गाण्यांवर झाले. सरकारी संगम शेवटची आठ मिनिटं होता. पाचवे परीक्षक म्हणून खात्याचे अधिकारी बसले होते. गळ्यात ओळखपत्र, हातात दहाची पाटी, चेहऱ्यावर आपण ही पाटी कुठल्या नियमाखाली धरली आहे याची चिंता.

चौकडी बसली. बाबांच्या अटीनुसार निवेदिकेने सूचना वाचली, बसस्थानकाच्या आवाजात: “वादन सुरू असताना श्रोत्यांनी खोकू नये, कुजबुजू नये, खुर्ची हलवू नये. होणाऱ्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत.” सभागृह हसून हसून लोळलं. त्या दिवसाचा सर्वांत मोठा विनोद बाबांनी लिहिला होता, आणि तो त्यांनी गंभीरपणे लिहिला होता.

मग खरोखरच शांत झालं. बाबांनी श्वास घेतला. चौकडी सुरू झाली. चालण्यासाठी मधोमध आखलेल्या लांब पट्टीच्या त्या टोकाला झुंबर उभा होता आणि पहिलं पानभर त्याने फक्त एक हात उचलला. एवढा सावकाश, की चारशे माणसं त्या हाताबरोबर खुर्चीत सरळ होत गेली. बाबांना क्षणभर वाटलं, निभतंय.

दुसऱ्या पानावर तो चालू लागला. पहिलं पाऊल, दुसरं पाऊल, मनगट वळलं, आणि मागून कुणीतरी कौतुकाने गळा फाडून ओरडलं, “खाऊन टाक, झुंबर!” मग पंखे, मग पाय आपटणं, मग सगळंच.

बाबांनी गज उचलला.

ताईचा गज वर गेला. डॉक्टरचा निम्म्यावर गेला आणि तिथे थबकला, कारण वर एक वचन होतं आणि खाली दुसरं.

चेलो थांबला नाही.

चेलोची ती ओळ एकटी ऐकायची नसतेच. भिंतीपलीकडून शेजाऱ्याचं बोलणं यावं तशी ती आहे: आवाज येतो, विषय कळत नाही. आईने ती एकटीनेच वाजवली. कपाळावर घाम, डोळे कागदावर, आणि ओठांत आकडे, एक दोन तीन चार, जसं पहिल्या वर्षाला शिकताना मोजायची तसं. पट्टीवर झुंबरचं पाऊल अर्धवट थांबलं होतं. त्याची मान जेमतेम दाराच्या बाजूला वळली होती. त्याने ते घुमणं ऐकलं. पाऊल त्यावर टेकलं. निवेदिकेला तर आयुष्यात पहिल्यांदा चौकडीत ठोका सापडला होता. तिने तो धरला आणि त्यावर शब्द फेकायला लागली.

डॉक्टरचा गज अजून निम्म्यावर होता. पंचवीस वर्षं लोकांच्या तोंडात वाकून त्याचा उजवा खांदा कामातून गेलेला होता, आणि हात असा अधांतरी धरायची डॉक्टरांनीच, म्हणजे त्याच्या डॉक्टरांनी, मनाई केली होती. वीस मोजेपर्यंत त्याने कळ सोसली. मग खांद्याने निर्णय घेतला. गज तारेवर आला. ओळीच्या तीन मात्रा मागे, भलत्याच ठिकाणी, पण आला; आणि एकदा आला म्हटल्यावर परत वर न्यायचा म्हणजे पुन्हा दुखणार. घराच्या इतिहासात ही बंडखोरी म्हणून नोंदली गेली आहे आणि डॉक्टरने ती नोंद कधी दुरुस्त केली नाही.

ताईने बाबांकडे वळून पाहिलं. “बाबा,” ती हळूच म्हणाली, जिन्यावरून खाली जाताना सांगावं तसं, “मी जाते हं.” आणि गज तारेवर ठेवून सुरांत गेली.

आता बाबा एकटेच गज उचलून बसले होते. शांततेची वाट बघायची त्यांना सवय होती. पन्नास वर्षांत ती कधी ना कधी आलेली होती. आज ती येण्याचं लक्षण नव्हतं. हाताला काम नाही, कागदाकडे बघायचं कारण नाही. शेवटी, दुसरं काहीच करण्यासारखं उरलं नाही तेव्हा, हे लोक एवढे कशाला ओरडतायत म्हणून त्यांनी समोर पाहिलं.

पोरगं फिरत होतं. एक वळण, दुसरं वळण. बाबांना आधी वाटलं, हात वाटेल तसे फेकतोय. मग डाव्या हाताची बोटं एकेक करून मिटली आणि बाबांचीच बोटं गजावर हलली. तिथे त्यांची सात सुरांची लहर होती. मनगट वर गेलं, थरथरलं: तिथे ते थरथर देत, जरा जास्तच, ताईची आई असताना ती यावरून टोकत असे. मान मागे गेली: तिथे ते श्वास घेत. पहिल्या व्हायोलिनची ओळ त्या सभागृहात कुणीच वाजवत नव्हतं, आणि ती पहिल्यापासून शेवटपर्यंत दिसत होती. पोरगं बंद दाराबाहेर बसून बावीस वर्षं तालमी ऐकत होतं. खोकलं की हाकलतील म्हणून, आवाज न करता.

तिसऱ्या वळणाला त्याने घाई केली. बाबा “च्” म्हणाले. ते ओरड्यात कुणाला ऐकू आलं नाही.

चौथं पान जवळ आलं. कुठे शिरायचं हे बाबांना चांगलं ठाऊक होतं. ओळ समोर चालत होती. प्रश्न निराळा होता. आजवर सगळे त्यांच्या श्वासावर शिरले होते. आता शिरायचं तर दुसऱ्या कुणाचा तरी घ्यावा लागणार होता. त्यांनी सुनेकडे पाहिलं. तिने पाहिलं की ते पाहतायत, आणि एक पूर्ण मात्रा तिने त्यांना तसंच ताटकळत ठेवलं. तेवढा तिचा हक्क होता. मग हनुवटी खाली केली: आता.

बाबा शिरले. तिघं वर चढत गेले आणि चेलो एकटा खाली उतरला. एक, दोन, तीन, चार. पाचव्याला झुंबर एका पायावर गर्रकन फिरला आणि पाठीवर असा कोसळला, की सभागृहाची धूळ जागची उठली.

चार पाट्या वर गेल्या, दहा, दहा, दहा, दहा. अधिकाऱ्यांनी आपली पाटी अर्धीच उचलली. पूर्ण उचलायला वरून मंजुरी लागते.

*

मागच्या बोळात चौकडीची गाडी उभी होती. मलमाचे वितरक पुढच्या दाराने येऊ लागले होते. आईसाहेब पिशव्यांची मोजदाद करत होत्या. ताई दोन मुलांना गज धरायला शिकवत होती आणि दोघंही तिला पंखा नीट कसा उघडायचा ते सांगत होती.

झुंबर दाराच्या पायरीवर बसून पापण्या काढत होता. एक निघाली होती, एक तशीच. बाबा त्याच्यासमोर येऊन उभे राहिले.

“तिसऱ्या वळणाला घाई केलीस.”

“तुम्ही तेव्हा वाजवत कुठे होतात?”

“म्हणून तर बघता आलं,” बाबा म्हणाले. आणि गाडीत जाऊन बसले, पुढच्या सीटवर, पट्टा लावून. माफी मागण्याचा या घरात एवढाच एक प्रकार माहीत होता आणि तोही त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच केला होता; थोडा बेसूर झाला.

आई चेलो पुसत होती. पुसून झाला होता, तरी पुसत होती.

“आई,” झुंबर म्हणाला.

तिने वर बघितलं नाही. बघितलं असतं तर सगळंच गेलं असतं.

“पाचवा सूर चढा होता.”

“किंचित.”

“किंचित नाही. चांगला पाव सूर.”

“बरं, पाव.”

“त्याच्यावरच पडलो मी.” मग दुसरी पापणी काढून त्याने तळहातावर ठेवली. “कंबर लागली.”

“जेवायला ये,” ती म्हणाली. “आजच. आता. शेकायला देते.”

त्याने आईसाहेबांकडे पाहिलं. मुलं परवानगीसाठी आईकडे बघतात तसं. चेलोवालीने तिला जे दिसलं ते गिळलं. पिशव्या मोजणं थांबवून आईसाहेब पुढे आल्या. दोघी समोरासमोर उभ्या राहिल्या.

“परत कधी आणून सोडाल?” आईसाहेबांनी विचारलं.

“नऊपर्यंत.”

“आठ. उद्या सकाळची ड्यूटी आहे त्याची. झोप झाली नाही की चिडचिड करतो.”

“ठाऊक आहे मला.”

“असणारच. तीन वर्षांपूर्वीपर्यंतचं.”

गाडीतून डॉक्टरने काच खाली केली आणि लगेच वर केली.

“साडेआठ,” आई म्हणाली.

“आठ.”

“आठ,” आई म्हणाली, आणि चेलो उचलला. पोराला मागच्या सीटवर जागा व्हावी म्हणून तिने तो आधी टपावर बांधला.